पाच गाठी

८ जानेवारी २००७, सोमवार

नवा सर्व्हर आज बसवला. जुनं मशीन डिसेंबरात जळालं, तेव्हापासून गोडाऊनचं काम वहीवर चाललं होतं. कुणालने या वेळी इन्व्हर्टरही घेतला. म्हणाला, "मास्तर, आता शुक्रवारीसुद्धा तुझं मशीन जागं." शुक्रवारी आमच्या पट्ट्यात लाइट नसते. माग बंद, गोडाऊन बंद, हमाल सुटीवर.

मी बी.ए. मराठी आहे म्हणून तो मला मास्तर म्हणतो. कॉम्प्युटर मी नंतर ठाण्यात शिकलो, एक वर्ष. लिनक्सवर हे काम पहिल्यांदाच करतो आहे. काय केलं ते विसरलो तर विचारायला कोणी नाही, म्हणून लिहून ठेवतो.

काम असं. कशेळीला खाडीच्या अंगाला कुणालच्या वडिलांचे, केसरीनाथशेठचे, चौदा गाळे आहेत. पूर्वी तिथे भात व्हायचं. आता डाळ, चिंच, मिरची साठवतात. मालाला कीड लागू नये म्हणून रघू गाळ्यात विषारी गोळ्या ठेवतो आणि शटरच्या फटींना कागदी पट्ट्या चिकटवतो. गोळ्यांचा गॅस होतो. पाच दिवस आत जायचं नाही. गेलेला माणूस मरू शकतो. कुठला गाळा बंद आहे हे हमालांना रोज सकाळी कळलं पाहिजे. एवढंच.

हे काम आधी ठमाबाई करायची. ती गाळे झाडते. गोळ्या टाकल्या की ती कुलपाला पाच गाठींची सुतळी बांधते. रोज सकाळी एक गाठ सोडते. गाठी संपल्या की स्वतः शटर उघडते, लांब जाऊन बसते, चहा पिते. मग हमालांना म्हणते, जा. बारा वर्षांत कोणाला काही झालं नाही. गेल्या वर्षी एका कंपनीचा माणूस तपासणीला आला होता. "सुतळी? मी रिपोर्टमध्ये सुतळी लिहू?" त्यानंतर कुणालने माझ्याकडून प्रोग्रॅम करून घेतला.

मी ठमाबाईसमोर बसून तिचं काम पाहिलं आणि प्रोग्रॅम तसाच लिहिला. गोळ्या टाकल्या की रघू कुणालला फोन करतो. कुणाल भिवंडीतल्या ऑफिसातून ब्राउझर उघडून त्या गाळ्यापुढे पाच लिहितो. सकाळी चिठ्ठी काढताना प्रोग्रॅम प्रत्येक बंद गाळ्याचा एक दिवस कमी करतो आणि ज्यांचे दिवस उरले त्यांचे नंबर गेटवरच्या प्रिंटरवर छापतो. चिठ्ठी खिळ्याला अडकवायची. जुन्या मशीनवर सातला मी स्वतः बटण दाबायचो. आता ते लिनक्सच्या घड्याळावर सोपवायचं आहे. त्या सोयीला क्रॉन म्हणतात. एका ओळीत वेळ आणि काम लिहून ठेवायचं. पुढे माणूस लागत नाही.

ठमाबाई अजूनही सुतळ्या बांधते. कुणाल हसतो. मीही हसतो.

९ जानेवारी, मंगळवार

सातला चिठ्ठी आली नाही. साडेसातला हाताने प्रोग्रॅम चालवला, लगेच आली.

दुपारी रघूने चार नंबरला गोळ्या टाकल्या.

११ जानेवारी, गुरुवार

तिसरा दिवस. सातला काही नाही. हाताने चालवलं की येते.

क्रॉन चालू आहे का ते पाहिलं. चालू आहे. ओळ बरोबर आहे का पाहिलं. शून्य मिनिटं, सात तास, मग तीन चांदण्या. चांदणी म्हणजे कुठलाही. कुठलाही दिवस, कुठलाही महिना, कुठलाही वार. बरोबर आहे. मशीनच्या लॉगमध्ये रोज सातची नोंद आहे. काम सुरू केलं, असं लिहिलेलं आहे. पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही.

आई विचारत होती, "मशीन नवं आणलं तर तू लवकर जायचा बंद होणार होतास ना?"

"होईल."

"मला काय, मी ड्युटीला निघतेच तेव्हा. तू झोप की."

झोप लागत नाही. एक साधी ओळ आहे आणि ती माझं ऐकत नाही.

१३ जानेवारी, शनिवार

आज ठमाबाईशी भांडण झालं.

चार नंबरमधली डाळ न्यायला ट्रक आला होता. माझ्या चिठ्ठीवर चार नव्हता. ठमाबाई कुलपापुढे उभी.

"न्हाय उघडायचा. दोन गाठी हायत."

"मावशी, चिठ्ठीवर चार नाही."

"तुजे कागदावर न्हाय. माजे सुतळीवर हाय."

मुकादम तुळशीराम त्याची टोळी घेऊन आला होता. चार माणसं. त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पोत्यावर बसला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही शिकलेले. पण आत आमाला जायचंय."

टोळीतला मोरू म्हणाला, "मावशीचा आणि मशीनचा निकाल लागूद्या आधी. तवर मी झोपतो." आणि खरंच आडवा झाला.

मी ठमाबाईला समजावलं. तू शुक्रवारी येत नाहीस, म्हणून शुक्रवारची गाठ तशीच राहते. मशीन आता शुक्रवारीही चालतं. म्हणून तुझी एक गाठ जास्त.

"आनि दुसरी?"

दुसऱ्या गाठीचं मी मनातच ठरवून टाकलं. ती एखाद्या सकाळी सोडायला विसरली असेल. वय झालं आहे.

ट्रक दिवसभर उभा राहिला. संध्याकाळी रिकामा परत गेला. कुणाल फोनवर ओरडला. माझ्यावर नाही, सुतळीवर.

१६ जानेवारी, मंगळवार

केसरीनाथशेठ आज गेटवर आले होते. खुर्ची उन्हात ओढून बसले. कुणाल म्हणाला, "बाबा, एक तर मशीन ठेवा, नाहीतर आक्काची सुतळी ठेवा. दोन्ही असली की ट्रक उभा राहतो."

शेठ म्हणाले, "ती बाय माजे आयेच्या येलची हाय. तिला बोलू नको."

"बोलत नाही. मशीन आपणहून चिठ्ठी काढायला लागलं की सुतळ्या काढून टाकू. गुरुवारी आक्का घरी आईकडे हळदीकुंकवाच्या कामाला आहेच. परत येईल तेव्हा सुतळ्या नसतील. भांडण नाही, काही नाही."

"मास्तर, तुजा मशीन चालेल ना?"

म्हणालो, "चालेल."

सातला आजही चिठ्ठी आली नव्हती.

१७ जानेवारी, बुधवार

सापडलं.

क्रॉनचं काम बिघडलं की तो मशीनमधल्या मशीनमध्येच पत्र टाकतो. मला माहीत नव्हतं. आज एका परदेशी माणसाचं इंटरनेटवरचं उत्तर वाचलं आणि मशीनची टपालपेटी उघडली. नऊ पत्रं. नऊ सकाळी, नऊ पत्रं, सगळी एकाच मजकुराची. छापण्याची आज्ञा सापडत नाही. ते रोज मला सांगत होतं. मी पेटी उघडली नव्हती.

कारण अगदी साधं. मी लॉगिन केलं की कुठली आज्ञा कुठे ठेवली आहे ते मशीन माझ्यासाठी वाचून ठेवतं. क्रॉनसाठी वाचत नाही. त्याला आज्ञेच्या घरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. पत्ता दिला.

आता खात्री करायची होती. सकाळच्या सातची वाट कोण बघणार? ओळीत पाच चांदण्या लिहिल्या. पाच चांदण्या म्हणजे दर मिनिटाला. संध्याकाळचे सहा वाजून एक मिनिट झालं होतं. मी गेटवर प्रिंटरसमोर उभा राहिलो. सहा-दोनला प्रिंटर आपणहून खरखरला. माझा हात लागला नव्हता.

पाच मिनिटं चालू दिलं. पाच चिठ्ठ्या. वेळ बरोबर, अक्षर स्वच्छ. पहिल्या चारवर "११" होता. पाचवीवर नुसतं शीर्षक आलं, "आजचे बंद गाळे", खाली कोरं. रिबन सैल झाली असावी. घट्ट केली. ओळ पुन्हा सातवर आणली. रघूचा टेम्पो माझ्या घराच्या बाजूला, टेमघरकडे निघणार होता. तो तीन नंबरला गोळ्या टाकून येत होता, हाताला साबण लावत होता. त्याच्याबरोबर बसलो.

"काय मास्तर, आज खुशीत?"

"मशीन बोललं."

"काय बोललं?"

"नऊ दिवस बोलत होतं. मला आज ऐकू आलं."

तो हसला. मीही.

१८ जानेवारी, गुरुवार, सकाळी आठ

सातला चिठ्ठी आली. मी गेटच्या बाहेर उभा राहिलो होतो, मुद्दाम, मशीनपासून लांब. आवाज ऐकला. आत गेलो. चिठ्ठी लटकत होती. "३". एकच नंबर. स्वच्छ.

खिळ्याला लावली. कुणालला फोन केला. "शाबास मास्तर. आता सुतळ्या काढ."

चौदा कुलपांपाशी फिरलो. बऱ्याच सुतळ्या बिनगाठीच्या होत्या, मळलेल्या, जुन्या. सगळ्या काढून पॅंटच्या खिशात कोंबल्या. ठमाबाईला विचारल्याशिवाय काढतो आहे, हे थोडं खटकलं. उद्या सुटी आहे. परवा तिला पेढा देईन आणि समजावीन.

तुळशीरामची टोळी आली. काल ते दुसऱ्या गोडाऊनला होते. तो म्हणाला, "सुतळ्या कुठं गेल्या?"

"आजपासून चिठ्ठी."

"बरं. तुमी म्हनाल तसं." चिठ्ठीवर बोट ठेवून वाचली. मग मोरूला म्हणाला, "तूबी वाच." मोरू चौथी शिकला आहे.

मोरू म्हणाला, "तीन. तीन म्हंजे तीन. अजून काय लिहिलं असलं तर मला दिसत न्हाय."

अकरा नंबरमधली मिरची न्यायला साडेनऊला व्यापाऱ्याचा ट्रक आहे.

त्याच दिवशी. वेळ बघितली नाही

अकरा नंबर.

मी ऑफिसात होतो. खोकला ऐकू येत होता. मिरचीच्या गाळ्यात खोकतात. नेहमी खोकतात. मोरूचा खोकला मला ओळखू येतो, त्याला मिरची सोसत नाही, बाकीचे त्याला चिडवतात. कोणीतरी हसल्याचंही ऐकलं. मिरचीचा ठसका माझ्यापर्यंत येईल म्हणून मी खिडकी लावून घेतली.

मी खिडकी लावून घेतली.

मग खोकला थांबला.

तुळशीराम शटरपाशी गुडघ्यांवर होता. तो मोरूला बगलेत धरून ओढत होता आणि स्वतः ओकत होता. दोघे जण बाहेर पडून बसले होते, पिवळे. ट्रकवाला गाडीतून उतरला नाही. रघू फोनवर ओरडत होता, "अकरा? अकरा का उघडला? काल दुपारी टाकल्यात गोळ्या! काल दुपारी!"

मी खिळ्यावरची चिठ्ठी पाहिली. "३".

शटरच्या कागदी पट्ट्या फाटून जमिनीवर पडल्या होत्या. पट्ट्या नेहमीच फाडतात. गाळा उघडायचा म्हणजे पट्ट्या फाडायच्या. धोक्याची पाटी चौदाही गाळ्यांवर बारा महिने असते.

चिठ्ठीवर "३". पुन्हा पाहिली.

१९ जानेवारी, शुक्रवार

लाइट नाही.

आई सकाळी ड्युटीवरून आली. ती सरकारी इस्पितळात आया आहे, रात्रपाळी होती. चपला काढताना म्हणाली, "तुमच्या गोडाऊनचे चार जण आणलेत. एक पहाटे गेला. मोरू नाव. त्याचं अंथरूण मीच काढलं."

मी तिच्या चपला भिंतीला लावून ठेवल्या.

"तुझ्या ओळखीचा?"

"हो."

"जेवलास का?"

पॅंट धुवायला काढताना आईने खिसे उलटे केले. सुतळ्यांचा गुंता पडला. "हे काय आणलंस?" मी तो हातात घेतला. सोडवायला बसलो. दुसरं काही सुचत नव्हतं. तेरा सुतळ्यांपैकी बाराच्या गाठी सोडवलेल्या होत्या, सुरकुत्या राहिलेल्या. एक वेगळी होती, नवी, पिवळी. तिला लाल मिरचीची धूळ लागली होती. तिच्यावर पाच गाठी होत्या. घट्ट. एकही सुटलेली नव्हती.

चौदावी तीन नंबरची. ती ठमाबाईने बांधलीच नव्हती. रघूने तिथे गोळ्या टाकल्या तेव्हा ती घरी गेली होती.

पाच गाठींची सुतळी मी स्वतः काढली होती. मोजली नव्हती.

२० जानेवारी, शनिवार

गोडाऊन बंद. पोलीस काल येऊन गेले, आज परत येणार. मी ऑफिस उघडलं आणि लॉग वाचला.

१८:०२. १८:०३. १८:०४. १८:०५. १८:०६.

पाच ओळी.

चिठ्ठी काढणं म्हणजे एक दिवस जाणं. मीच तसं लिहिलं. ठमाबाई दिवसातून एकदाच गाठ सोडते, कारण दिवस एकदाच उजाडतो. मशीनला उजाडलेलं कळत नाही. मी दर मिनिटाला उजाडवलं. पाच मिनिटांत अकरा नंबरचे पाच दिवस संपले. पाचवी चिठ्ठी कोरी आली ती रिबनमुळे नाही. ती बरोबर होती. मशीन बरोबर होतं. मी समोर उभा राहून फक्त अक्षर स्वच्छ आहे का तेवढं बघत होतो.

मग चार नंबरही कळला. नऊ दिवस पत्रं छपाईबद्दल येत होती. वजाबाकीबद्दल तक्रार नव्हती. वजाबाकी रोज सातला होत होती, आणि साडेसातला मी हाताने चालवायचो तेव्हा पुन्हा व्हायची. ठमाबाईची दुसरी गाठ ती होती. ती विसरली नव्हती. त्या दिवशी तुळशीराम पोत्यावर बसून राहिला म्हणून ते वाचले.

प्रोग्रॅममध्ये गोळ्या टाकल्याची तारीख कुठेही नाही. सुतळीवर तारीख नसते. म्हणून मीही लिहिली नाही.

कुणाल आला. दाढी वाढलेली. दार लावून घेतलं.

"खिळ्यावरची चिठ्ठी मी काढून घेतली."

"का?"

"तिच्यावर अकरा नव्हता."

"हो. माझ्यामुळे." मी लॉग दाखवायला लागलो. त्याने स्क्रीनकडे पाहिलंच नाही.

"मला सांगू नको. मी ऐकलं नाही. तू दुसरी चिठ्ठी काढ. तीन आणि अकरा. गुरुवार, सकाळी सात."

"आणि तुळशीराम?"

"मुकादम आहे. टोळी त्याने आत नेली. चिठ्ठी न वाचता नेली. त्याला वाचता तरी कुठे येतं धड?"

"त्याला नंबर येतात."

"मास्तर." तो खुर्चीवर बसला. "तू आत जाशील. मी जाईन. बाबा जातील. त्यांचं वय काय आहे? मोरू परत येणारे का?"

शेठ बाहेर खुर्चीवर होते. ऊन नव्हतं तरी तिथेच बसले होते. त्यांना ऐकू येत होतं की नाही, माहीत नाही. ते आत आले नाहीत.

मी मशीनचं घड्याळ मागे नेलं. तीनपुढे आणि अकरापुढे पाच लिहिलं. छापलं. प्रिंटर खरखरला. "३, ११". वेळ ०७:००. स्वच्छ.

छापताना प्रोग्रॅमने दोन्हींतून पुन्हा एकेक दिवस कमी केला.

हे मी केलं. लिहून ठेवतो आहे.

२१ जानेवारी, रविवार

ठमाबाई घरी आली होती. टेमघरला, चालत. उंबऱ्यातच बसली. आईने चहा दिला, तिने घेतला नाही.

"माजी सुतळी कुनी काडली?"

"मी."

"तू?" तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. "मना वाटला कुणल्यान काडली." मग म्हणाली, "तू माजे समोर बसून शिकलास."

उठून गेली. आई तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली.

संध्याकाळी भाकरी करताना आई आपणहून बोलायला लागली. "तो मुकादम आहे ना तुमचा. दोघं बरे होऊन जातील म्हणतात, पण ह्याचं छातीचं सांगता येत नाही. पोलीस येऊन गेले त्याच्याकडे. चिठ्ठी दाखवली. तेव्हापासून चादरीवर बोटाने एक काढतो, शेजारी दुसरा एक काढतो. मग हाताने पुसतो. पुन्हा काढतो. मी म्हटलं, काय करताय दादा? म्हणाला, बाई, मला अकरा दिसलाच न्हाय ओ. एवढे मोठे दोन एक. मला कसा दिसला न्हाय?"

तव्यावरची भाकरी करपली. आईने ती उलटली.

"म्हणतो, मोरूला मीच वाचायला लावला. त्यालाबी दिसला न्हाय. मी मुकादम, मला दिसायला पायजे होता. माझ्या डोळ्यानं माणूस खाल्ला."

मी उठलो. न्हाणीत जाऊन उभा राहिलो. बादलीत पाणी होतं. त्यात हात घातले आणि तसेच ठेवले.

मला वाटलं होतं, खोट्या चिठ्ठीने फक्त पोलीस फसतील.

२२ जानेवारी, सोमवार

सकाळी सातला ऑफिसात गेलो. क्रॉनची ओळ पुसली. लॉगच्या पाच ओळी आणि शनिवारी घड्याळ मागे नेल्याची नोंद छापून घेतली. बुधवारच्या पाच चिठ्ठ्या टोपलीत होत्या, मी टाकल्या तशाच. उचलल्या. पाचवी कोरी. त्या, छापलेला लॉग आणि सुतळी, सगळं एका पाकिटात.

कुणाल गेटवर भेटला. पाकिटाकडे पाहिलं.

"काय आहे त्यात?"

"बुधवारची संध्याकाळ."

तो बाजूला झाला नाही, आडवाही आला नाही. मागून शेठचा आवाज आला, "कुणल्या, जाऊंदे त्याला." मी वळून पाहिलं नाही.

आधी इस्पितळात गेलो. पोलिसांकडे आधी जायला हवं होतं बहुधा. पण तो चादरीवर अकरा काढत होता.

तुळशीराम उशीला टेकून बसला होता. नाकात नळी. मला पाहून उठायला गेला.

"बसा."

"भाऊ, तुमचं मशीन बदनाम झालं माझ्यापायी."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. कसं सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते काही आठवलं नाही.

"चिठ्ठीवर अकरा नव्हता."

त्याला कळलं नाही.

"गुरुवारी सकाळी चिठ्ठीवर फक्त तीन होता. तुम्ही बरोबर वाचलंत. अकरा माझ्यामुळे गेला होता. पोलिसांनी तुम्हाला दाखवली ती चिठ्ठी मी शनिवारी छापली. खोटी आहे."

त्याने मला शिवी दिली नाही. मी वाट पाहत होतो. वॉर्डात कोणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. त्याचा उजवा हात चादरीवर होता, बोट पुढे केलेलं. ते बोट थांबलं.

"अकरा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"म्हंजे मोरूनंबी बरोबर वाचलं."

"हो."

"त्यो म्हनला होता, अजून काय लिहिलं असलं तर मला दिसत न्हाय." त्याचा श्वास लागला. थांबला. "त्याच्या बायकोला मी काल सांगितलं, तुज्या नवऱ्याला वाचता येत नव्हतं नीट. मी सांगितलं. तिला."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा तो म्हणाला, माझ्याकडे न बघता, "तिला तुमीच सांगा जाऊन. आधी तिला. मग पोलिसाला."

मोरूचं घर गणेशपुरीच्या वाटेला आहे. एसटी दीड वाजता सुटते. स्टॅंडवर बसून हे लिहितो आहे. पाकीट मांडीवर आहे. सुतळी आत आहे. पाच गाठी. बोटांनी बाहेरून चाचपल्या, मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

गाडी लागली.